परमुलखातील अशोक विजयादशमी

सणाचा दिवस कोठे घालवावा, हा प्रश्न खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांचा आहे असे मला आयुष्यभर वाटत आले. आमच्या मौद्याला असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. कन्हानच्या काठावरचे हे गाव. दसरा आला की आमच्या वस्तीची पावले आपोआप नागपूरच्या वाटेला लागतात. कोणी भंडाऱ्याहून येणारी एस. टी. धरतो, कोणी चाचेरला जाऊन गाडी पकडतो. दीक्षाभूमीला जायचे की नाही, याची चर्चा होत नाही. फक्त किती वाजता निघायचे याची होते. त्यामुळे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, लंडनमध्ये मुलाच्या घरी बसून, अशोक विजयादशमी कोठे साजरी करावी यावर आम्ही बापलेक दोन रात्री वाद घालू, हे मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

गोष्ट २०२२ सालची आहे. त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरला, बुधवारी आला होता. मुलापुढे तीन पर्याय होते आणि त्याने ते मला मोठ्या उत्साहाने सांगितले. एक म्हणजे त्याच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांनी त्याच संध्याकाळी दसऱ्याचे एकत्र जेवण ठेवले होते. पुरणपोळी, मुलांचा नाच, आपट्याच्या पानांऐवजी सोनेरी कागदाची पाने. दुसरा म्हणजे चिझिक भागातील सिंहली बौद्धांचा विहार. तिसरा म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टन, जिथे पंजाबातून गेलेल्या आपल्या आंबेडकरी बांधवांनी स्वतःचा बुद्धविहार उभा केला आहे. तो गावही दूर आणि दिवसही कामाचा, म्हणून तो पर्याय त्याने सांगता सांगताच बाजूला ठेवला. सिंहली विहाराबद्दल तो म्हणाला, "बाबा, तिथं आज काहीच नसते. त्यांना दसरा माहीतच नाही." मग उरले काय? पुरणपोळी.

मी विचारले, "त्या लोकांना आपण कोण ते माहीत आहे?"

तो थोडा थांबून म्हणाला, "नागपूरकडचे, एवढे माहीत आहे. बाकी कोणी विचारत नाही."

"आणि आपण सांगत नाही."

"इथं त्याची गरजच काय, बाबा?"

या 'गरजच काय'पाशी आमचा वाद सुरू झाला. तो वाद येथे मांडण्याइतका मोठा नाही. परंतु त्या दोन रात्रींत मी इतिहासाकडे ज्या प्रश्नाने वळलो, तो मला आपल्या सर्वांचा वाटतो. आपण ज्यांच्यामुळे बौद्ध झालो त्या बाबासाहेबांनी परदेशात बौद्धांचे सण पाहिले होते. मग त्यांनी स्वतःचा सण कोठे केला, आणि तेथेच का केला?

बाबासाहेब २५ मे १९५० रोजी सिलोनला गेले. कोलंबो आणि कँडी येथे जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची पहिली परिषद भरली होती. प्राध्यापक मललसेकर हे तिचे प्रवर्तक आणि पहिले अध्यक्ष. बाबासाहेब तेथे प्रतिनिधी म्हणून मिरवायला गेले नव्हते, पाहायला गेले होते. बौद्धांचे विधी कसे होतात, आणि धर्म पोथीत आहे की लोकांच्या आचरणात जिवंत आहे, हे त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. याच परिषदेने वैशाख पौर्णिमेला सुट्टी देणाऱ्या नेपाळच्या राजाचे आभार मानले, आणि मे महिन्यातील पौर्णिमेचा दिवस सर्व देशांच्या सरकारांनी बुद्धाच्या सन्मानार्थ सार्वजनिक सुट्टीचा करावा अशी विनंती करणारा ठराव संमत केला. पुढे १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वैशाख दिनाला मान्यता दिली, तिची पूर्वपीठिका म्हणून हा ठराव सांगितला जातो.

सुट्टीचा हा विषय क्षुल्लक समजू नये. सिलोनमध्ये इंग्रजांच्या अमलाखाली वैशाखाची सुट्टी बौद्धांना परत मिळाली ती १८८५ साली, कर्नल ऑल्कट आणि तेथील बौद्ध पुढाऱ्यांनी केलेल्या खटपटीनंतर. बौद्धांचा पाचरंगी ध्वजही त्याच वर्षी प्रथम फडकला. ज्या समाजाचा सण सरकारच्या पंचांगात नाही, त्या समाजाला सणाच्या दिवशी मालकाकडे रजा मागावी लागते, आणि रजा मागताना कारण सांगावे लागते. कारण सांगायचे म्हणजे आपण कोण हे सांगायचे. भारतात बुद्ध जयंतीची सुट्टी मिळाली, ही बाबासाहेबांनी आपल्या कार्यात अभिमानाने मोजलेली गोष्ट होती, याचे मर्म मला लंडनमध्ये कळले. माझ्या मुलाने त्या बुधवारी रजा मागितलीच नव्हती.

त्याच १९५० च्या वैशाखात महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील प्रसिद्ध लेख आला. भिक्खुसंघाने लोकसेवेकडे वळले पाहिजे, बौद्धांसाठी एक सुटसुटीत धर्मग्रंथ झाला पाहिजे, असे त्यांनी त्यात सांगितले. म्हणजे सिलोनकडे जाताना त्यांच्या मनात श्रद्धा होती, पण टीकाही होती. ते भाविक यात्रेकरूच्या डोळ्यांनी पाहत नव्हते. घर बांधायला निघालेला माणूस दुसऱ्याचे घर जसे न्याहाळतो, भिंत कशी उचलली, पाणी कोठून काढले हे बघतो, तसे ते पाहत होते.

१९५४ साली ते दोनदा ब्रह्मदेशात गेले. मे महिन्यात रंगूनला बुद्ध जयंतीचा उत्सव होता. ती साधी बुद्ध जयंती नव्हती. त्या वर्षी १७ मे रोजी, वैशाख पौर्णिमेला, रंगूनच्या कबा ए येथे सहाव्या संगीतीला आरंभ झाला. पंतप्रधान ऊ नू यांचे सरकार तिच्या पाठीशी उभे होते, आणि दोन वर्षांनी, २४ मे १९५६ रोजी, वैशाख पौर्णिमेलाच तिची सांगता व्हायची होती. एका अख्ख्या राष्ट्राने बुद्धासाठी केलेला तो सोहळा होता. डिसेंबरात जागतिक बौद्ध भ्रातृसंघाच्या तिसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब पुन्हा रंगूनला गेले, आणि तेथून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथील विहारात केली.

देहूरोड म्हणजे लष्कराच्या कामावर राबणाऱ्या आपल्या माणसांची वसाहत. आणि २५ डिसेंबर म्हणजे १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. परदेशी सणांच्या झगमगाटातून हा माणूस परतताना काय घेऊन येतो? एक मूर्ती. आणि ती कोठे बसवतो? दिल्ली-मुंबईच्या एखाद्या भव्य सभागृहात नव्हे, तर कामगारांच्या वस्तीत. मला येथे बाबासाहेबांची रीत दिसते. जे पाहायचे ते परदेशी जाऊन पाहायचे. पण रुजवायचे ते आपल्या माणसांत.

हीच रीत १९५६ मध्ये पूर्णत्वाला गेली. २४ मे १९५६ हा बुद्धाच्या परिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्याचा दिवस. रंगूनला संगीती समाप्त होत होती. बौद्ध जगात त्या दिवशी जाण्यासारखे त्याहून मोठे ठिकाण नव्हते. बाबासाहेब त्या दिवशी मुंबईला नरे पार्कवर होते. ऑक्टोबरात आपण बौद्ध धर्म स्वीकारणार, हे त्यांनी तेथे जाहीर केले. आणि २३ सप्टेंबरला पत्रक काढून जागा आणि दिवस सांगितला: नागपूर, १४ ऑक्टोबर, दसरा.

विचार करा, त्यांना जागांची काय कमतरता होती? बुद्धगया होती, जिथे सम्यक संबोधी झाली. सारनाथ होते, जिथे पहिले धम्मचक्र प्रवर्तित झाले. रंगून होते, कोलंबो होते. तेथील सरकारांनी त्यांचे स्वागतच केले असते. प्रकृती ढासळली होती, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर पोखरले होते. एखाद्या पवित्र क्षेत्री दहा-वीस सहकाऱ्यांसह शांतपणे दीक्षा घेतली असती तरी कुणी नाव ठेवले नसते. परंतु तसे केले असते तर धर्मांतर एका विद्वानाचे झाले असते, समाजाचे नसते. मौद्याचा विणकर, कामठीचा बिडी कामगार, एम्प्रेस मिलचा मजूर रंगूनला कसा पोहोचला असता? १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर निवडण्याचे कारण सांगितले, ते नाग लोकांचे. बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नागांची ही भूमी, असे ते म्हणाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ नागपूरचा म्हणून आपण ही जागा निवडली हा तर्क त्यांनी त्याच भाषणात फेटाळला. त्यांच्या या कारणाला माझी एक साधी पुस्ती आहे. नागपूर हे असे ठिकाण होते जिथे आमचे बाप चालत जाऊ शकत होते.

आणि माझा बाप खरोखर चालत गेला. मौदा ते नागपूर सुमारे ३५ किलोमीटर. वडिलांच्या खांद्यावर मी, आईच्या डोक्यावर शिदोरीचे गाठोडे, सोबत वस्तीतील पंधरा-वीस माणसे. मी तीन वर्षांचा होतो. मला काहीही आठवत नाही. वडील मला गमतीने म्हणत, "तुले काय दिसलं असन? तू तर माह्या खांद्यावर झोपला होता." आईने त्या दिवसासाठी घेतलेले पांढरे लुगडे पुढे तिने कधी नेसले नाही. ते पेटीत घडी घालून ठेवले होते आणि दरवर्षी दसऱ्याला बाहेर काढून उन्हात घातले जाई. आमच्या घरचा दसऱ्याचा एवढाच विधी होता.

दिवसाची निवडही जागेइतकीच अर्थपूर्ण होती. दसऱ्याला महाराष्ट्रातील अनेक गावी देवीपुढे रेड्याचा बळी देत आणि त्या बळीत महाराचे काम ठरलेले असे. सण गावाचा, मान पाटलाचा, आणि रक्ताने माखण्याचे काम आमचे. त्या सणाच्या दिवशी आमच्या पूर्वजांना जागा नव्हती असे नाही. जागा होती, पण ती कोठे, हे दुसऱ्यांनी ठरवलेले होते. बाबासाहेबांनी तो दिवस टाकून दिला नाही. कलिंगाच्या संहारानंतर धम्माकडे वळलेल्या अशोकाच्या नावाने त्यांनी तो उलटून वाचला. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात. १९५६ साली लाखो माणसांनी जी सीमा ओलांडली तिच्यापुढे गावाच्या वेशी कसल्या? जनगणनेचे आकडे बोलके आहेत. १९५१ साली महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते २,४८७; १९६१ साली २७ लाख ८९ हजारांवर.

दीक्षाभूमीवरच्या त्या सकाळची आणखी एक बाजू मला लंडनमध्ये बसून दिसली. बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिले ते कुशीनाऱ्याचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातील अराकानचे. तरुणपणी भारतात आले आणि बुद्धाच्या परिनिर्वाणभूमीत आयुष्यभर राहिले. म्हणजे आपल्या समाजाच्या सर्वांत मोठ्या दिवशी, आपल्याला शरण देणारा माणूस स्वतः मायभूमीपासून दूर होता. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेल्याची बातमी आली त्या दिवशी, इंग्लंडमध्ये जन्मलेले भिक्खू संघरक्षित नागपुरात होते. पुढील काही दिवस ते वस्त्यावस्त्यांतून शोकाकुल लोकांशी बोलत फिरले. पुढे जपानहून आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचेच होऊन गेले, आणि आमच्या शेजारच्या कामठीला जपानी बौद्धांच्या साह्याने ड्रॅगन पॅलेस उभा राहिला. आपला सण ही आपल्या घरची गोष्ट खरी, पण तो परक्यांना वर्ज्य कधीच नव्हता. तो बंद दाराचा सण नाही.

मग सिंहली विहाराचे काय? मुलगा म्हणाला ते खरे होते. तेथे दसरा नसतो. बौद्ध जगाच्या पंचांगात पौर्णिमा आहेत. वर्षावास संपल्याची आश्विन पौर्णिमा आहे. ब्रह्मदेशात ती दिव्यांनी साजरी होते. जपानात बुद्धजन्माचा दिवस ८ एप्रिल हा ठरलेला आहे. पण आश्विन शुद्ध दशमी कोणाच्याच पंचांगात नाही. ती आपली आहे, फक्त आपली, कारण ती घडली त्याला शंभर वर्षेही झालेली नाहीत. मला वाटते, आपल्या शिकल्यासवरलेल्या पोरांची अडचण येथेच आहे. जुन्या बौद्ध देशांपुढे आपला सण नवा वाटतो, आणि मराठी सवर्णांपुढे तो परका वाटतो. म्हणून ती दोन्हीकडे गप्प बसतात आणि पुरणपोळी खातात.

मी मुलाला म्हटले, "बाबू, पुरणपोळीशी माझे भांडण नाही. ते लोक प्रेमाने बोलावतात, तर एरवी जरूर जा. माझे भांडण तू तेथे जाऊन जे बोलत नाहीस त्याच्याशी आहे."

तो चिडला. म्हणाला, "तुम्ही मौद्यात राहून जे सहज करता ते मला इथं एकट्यानं करावं लागते. तिकडं तुमच्यासोबत लाखो माणसं असतात. इथं मी एक."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. त्याचे म्हणणे खरे आहे. गर्दीत असताना 'जय भीम' म्हणायला धैर्य लागत नाही. हा जयघोष रूढ करणारे बाबू हरदास कामठीचे. १९३९ साली, वयाच्या पस्तिशीतच ते गेले. कामठीवरून वाहणारे कन्हानचे पाणीच पुढे आमच्या मौद्याला येते. त्या माणसाने जेव्हा हे शब्द प्रथम लोकांच्या तोंडी घातले, तेव्हा त्याच्याभोवती लाखो नव्हते. पण हे मी मुलाला बोललो नाही. थोरांचे दाखले देऊन मुलांना गप्प करणे मला मास्तरकीत फार सोपे जात असे. निवृत्त झाल्यावर ती सवय सोडावी असे ठरवले आहे.

बुधवारी दुपारी मी एकटाच किंग हेन्रीज रोडवर गेलो. दहा नंबरचे घर. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना बाबासाहेब येथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. मी आत गेलो नाही. समोरच्या फुटपाथवर उभा राहून भिंतीवरची पाटी वाचली. तीस वर्षांचा एक तरुण या दारातून सकाळी बाहेर पडून ग्रंथालयात जात असेल आणि रात्री अर्धपोटी परतत असेल. त्या वेळी त्याच्या सणाची तारीख जगातील कोणत्याही पंचांगात नव्हती. ती त्याला स्वतःच पुढे निर्माण करायची होती, आणि त्याला अजून पस्तीस वर्षे लागायची होती. मला माझ्या मुलाचा राग आला होता, तो तेथे थोडा उतरला.

संध्याकाळी घरी आलो तर मुलगा लवकर परतला होता. सुनेने टेबलावर पांढरी चादर घालून बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो मांडला होता. मला न सांगता त्यांचे ठरले होते. आम्ही चौघांनी त्रिशरण, पंचशील म्हटले. सात वर्षांच्या नातीला अर्धेच येत होते. मग बावीस प्रतिज्ञा मी वाचल्या. माझा आवाज मध्येच बसला तेव्हा पुढच्या मुलाने वाचल्या.

नंतर मुलाचा फोन वाजला. ज्यांच्याकडे जेवण होते त्या बाई होत्या. आला का नाहीत, म्हणून विचारीत होत्या. तब्येतीचे कारण देणे सोपे होते, आणि तो तेच देईल असे मला वाटले. तो म्हणाला, "वहिनी, आज आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. आम्ही बौद्ध आहोत." पलीकडून काय विचारले ते मला ऐकू आले नाही. पण तो पुढे बराच वेळ उभा राहून बोलत होता: नागपूर, १९५६, आजोबा मौद्याहून चालत गेले होते ते. ही शेवटची गोष्ट त्याला ठाऊक आहे, हेही मला तेव्हाच कळले.

रविवारी, ९ ऑक्टोबरला, आश्विन पौर्णिमा होती. त्या दिवशी आम्ही सगळे चिझिकच्या विहारात गेलो. अनागारिक धर्मपालांनी १९२६ साली लंडनमध्ये स्थापन केलेला हा विहार. १९५० साली बाबासाहेबांचा लेख छापणारे नियतकालिकही त्यांच्याच महाबोधी सोसायटीचे. पाहायचे ते दुसऱ्याच्या घरी जाऊन पाहावे, आदराने बसावे, शिकण्यासारखे असेल ते घेऊन यावे. आपला दिवस मात्र आपण आपल्या नावाने करावा, माणसे चार असली तरी. बाबासाहेबांच्या सहा वर्षांच्या प्रवासातून मला कळले ते एवढेच.

मुलाला आलेल्या त्या फोनचे पुढे काय झाले, ती माणसे त्याला पुन्हा बोलावतात की नाही, हे मी विचारलेले नाही. पुढच्या वर्षी दसऱ्याला मी मौद्यात होतो. सकाळी निघण्यापूर्वी त्याचा फोन आला. म्हणाला, आज रजा घेतली आहे. मी विचारले, कारण काय लिहिलेस? म्हणाला, "जे आहे तेच लिहिले, बाबा." मग मी आईचे लुगडे उन्हात घातले आणि एस. टी. धरायला निघालो.